‘मला गोड आवडत नाही’ म्हणणारी मुलगी

गेल्या वर्षीच्या माघ महिन्यातली गोष्ट. उमरठला नरवीर तानाजी मालुसऱ्यांच्या पुण्यतिथीची तयारी चालू होती, त्यामुळे पोलादपूरहून त्या बाजूला जाणाऱ्या संध्याकाळच्या एसटीला नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. त्या गर्दीत नववीतली एक मुलगी उभ्या उभ्या घामाने भिजली, काहीतरी असंबद्ध बोलली आणि खाली कोसळली. कोणी म्हणाले फिट आली, कोणी तिच्या नाकाला चप्पल लावली, कोणी कांदा शोधू लागले. एक आजी म्हणाल्या, “पोरीला वारं लागलंय.” एका बाईंनी मायेने तिच्या तोंडात पाणी ओतायला सुरुवात केली. सुदैवाने दात घट्ट मिटलेले होते, नाहीतर ते पाणी फुप्फुसात गेले असते. गाडी स्टँडपासून फार लांब गेली नव्हती. ड्रायव्हरने शहाणपणा केला, गाडी वळवली आणि तिला माझ्या दवाखान्यात आणले.

मुलगी माझ्या ओळखीची होती. बोटाला सुई टोचून रक्त तपासले, साखर फक्त ३८ होती. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर पाचेक मिनिटांत तिने डोळे उघडले. “मला काय झालं?” असे तिने विचारले नाही. तिचा पहिला प्रश्न होता, “डॉक्टरकाका, गाडीतल्या लोकांना कळलं का?”

तिच्या दप्तरात खडीसाखरेची पुडी होती. मीच ती नेहमी जवळ ठेवायला सांगितलेली. पुडी उघडलेलीसुद्धा नव्हती. “हात थरथरायला लागले तेव्हा खाल्ली का नाहीस, बाय?” मी विचारले. ती खाली मान घालून म्हणाली, “मैत्रिणी शेजारीच होत्या. मला गोड आवडत नाही असं मी त्यांना सांगून ठेवलंय. मग त्यांच्यासमोर साखर कशी खाऊ?”

वाचकहो, या उत्तराने मला रात्रभर झोप लागली नाही. कारण हे लपवायला तिला कोणी शिकवले? तीन वर्षांपूर्वी तिची आई मला म्हणाली होती, “डॉक्टर, मुलीची जात हाय, कुणाला कळाय नको.” आणि मीही मान डोलावून म्हणालो होतो, “खरं आहे वहिनी, गावभर कशाला सांगायचं!” आज हा लेख लिहितो आहे तो त्या चुकीची थोडी भरपाई म्हणून. मुलीचे आणि तिच्या वाडीचे नाव लिहीत नाही. ते उघड करायचे की नाही, हे तिने ठरवायचे.

हा मधुमेह वेगळा

मधुमेह म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पन्नाशीचा, पोट सुटलेला, सकाळी कारल्याचा रस पिणारा गृहस्थ येतो. तो दुसऱ्या प्रकारचा मधुमेह. मुलांना होतो तो बहुधा पहिल्या प्रकारचा, म्हणजे टाइप वन. आपल्या पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचा अवयव असतो. त्यातल्या काही पेशी इन्सुलिन तयार करतात. हे इन्सुलिन म्हणजे पेशींच्या दाराची किल्ली. किल्ली असेल तर रक्तातली साखर पेशीत शिरते आणि शरीराला ताकद मिळते. टाइप वनमध्ये शरीराची स्वतःची संरक्षक फौज चुकून या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवरच हल्ला करते आणि हळूहळू त्या नष्ट होतात. किल्लीच उरत नाही. रक्तात साखरेचा पूर आणि पेशी मात्र उपाशी, अशी अवस्था होते.

हा आजार जास्त साखर खाल्ल्याने होत नाही. आईने गरोदरपणी काही खाल्ले म्हणून होत नाही. तो संसर्गाने पसरत नाही, नजर लागून होत नाही, कोणाच्या पापाने तर नाहीच नाही. या मुलांना मधुमेहाच्या गोळ्यांवर ठेवता येत नाही. इन्सुलिन बाहेरून, रोज, जन्मभर द्यावे लागते. आंतरराष्ट्रीय मधुमेह संघाच्या २०२१ च्या अहवालानुसार वीस वर्षांखालील अशी मुले भारतात दोन लाखांहून अधिक आहेत. तेव्हा ‘आमच्या भागात असलं काही नसतं’ असे कोणी समजू नये.

लक्षणे आई-वडिलांनी पाठ करावीत. मूल वारंवार लघवीला जाते, रात्री उठते, कधी मोठे झालेले मूल पुन्हा अंथरूण ओले करते. सारखी तहान लागते. भरपूर खाऊनही वजन घटते. शाळेतून आले की गळून पडते. लघवी केलेल्या जागी मुंग्या लागतात, हेही आमच्याकडच्या आज्यांच्या लक्षात येते. अशा वेळी थांबू नका. बोटातून एक थेंब रक्त काढून साखर तपासायला एक मिनिटही लागत नाही.

मी शिकाऊ डॉक्टर असताना मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात आमच्याच डोंगरपट्ट्यातला एक बारा वर्षांचा मुलगा पोटदुखी आणि उलट्या म्हणून आला. घरच्यांनी आठवडाभर कावीळ समजून झाडपाला दिला होता. तो खोल, जोरजोरात श्वास घेत होता आणि श्वासाला पिकून सडलेल्या फळासारखा वास येत होता. त्या काळी आम्ही परीक्षानळीत बेनेडिक्टचे निळे द्रावण घेऊन त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचो आणि उकळायचो. साखर नसेल तर द्रावण निळेच राही. वाढत्या साखरेप्रमाणे ते हिरवे, पिवळे, नारिंगी आणि शेवटी विटेसारखे लाल होई. त्या मुलाची नळी लाल झाली. इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साठले होते. तो मुलगा वाचला नाही. तेव्हापासून उलट्या आणि धाप असलेले मूल आले की मी आधी साखर पाहतो.

शंभर वर्षांपूर्वीची दोन मुले

इन्सुलिन मिळण्यापूर्वी हा आजार म्हणजे मृत्यूच होता. कॅनडातल्या टोरोंटो शहरात फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी १९२१ साली इन्सुलिन शोधले. जानेवारी १९२२ मध्ये ते पहिल्यांदा दिले गेले तो रुग्ण चौदा वर्षांचा मुलगा होता, लेनर्ड थॉम्पसन. पहिल्या सुईचा फारसा उपयोग झाला नाही, औषध अधिक शुद्ध करून काही दिवसांनी पुन्हा दिले आणि मुलगा उठून बसला. बँटिंग यांचा जन्मदिवस १४ नोव्हेंबर जगभर मधुमेह दिन म्हणून पाळतात. आपल्याकडे तोच बालदिन! शाळांनी या योगायोगाचा उपयोग करून घ्यायला हरकत नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बँटिंग यांच्याकडे एलिझाबेथ ह्यूज ही अमेरिकन मुलगी आली. तिचे वडील त्यांच्या देशाचे परराष्ट्रमंत्री होते. पंधरा वर्षांची होत आली तरी तिचे वजन फक्त वीस किलोच्या आसपास होते, कारण उपाशी ठेवणे हाच तेव्हा एकमेव उपचार होता. इन्सुलिनवर ती वाढली, शिकली, तिने लग्न केले, तिला तीन मुले झाली आणि १९८१ मध्ये वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी ती वारली. पण मंत्र्याच्या त्या सुशिक्षित मुलीनेही आपला मधुमेह जन्मभर लपवला. जवळच्या मोजक्या माणसांखेरीज कोणाला तो कळू दिला नाही. म्हणजे ही लाज केवळ आपल्या वाड्या-वस्त्यांतली नाही. फरक एवढाच की एलिझाबेथच्या हाताशी सर्व सोयी होत्या. आपल्या मुलीच्या हाताशी भरलेली एसटी आणि दप्तरातली पुडी, एवढेच असते.

एका दिवसाचा हिशेब

या मुलांचा दिवस कसा जातो, हे शेजाऱ्यांना ठाऊक नसते. म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

पहाटे उठल्यावर बोट टोचायचे आणि साखर पाहायची. साधारण ८० ते १३० असेल तर ठीक. आकडा पाहून आणि काय खाणार ते पाहून इन्सुलिनचे युनिट ठरवायचे. साधे इन्सुलिन असेल तर सुई घेतल्यावर अर्धा तास थांबून मग खायचे. इकडे एसटी सुटायची वेळ झालेली असते. मग मूल काय करते? सुई घेते, अर्धी भाकरी खाते आणि पळते. दुपारी शाळेत पुन्हा बोट, पुन्हा सुई, मग डबा. संध्याकाळी खेळणार असेल तर आधी काही खायचे, कारण खेळाने साखर उतरते. रात्री जेवणापूर्वी सुई आणि झोपताना लांब पल्ल्याच्या इन्सुलिनची आणखी एक.

दिवसाला चार सुया धरल्या तर वर्षाच्या १,४६० होतात. अकराव्या वर्षी आजार झालेल्या मुलाने अठरावे गाठेपर्यंत दहा हजारांवर सुया घेतलेल्या असतात. बोटे टोचली ती वेगळी. आपल्याला धनुर्वाताची एक सुई घ्यायची तर आदल्या रात्रीपासून पोटात गोळा येतो. या मुलांना शाबासकी तर सोडाच, वर ‘पथ्य पाळत नाहीस’ म्हणून बोलणी बसतात.

सुईची जागा रोज बदलावी. पोट, मांड्या, दंड. एकाच जागी टोचत राहिले की तिथे गाठ येते आणि त्या गाठीतून इन्सुलिन नीट शोषले जात नाही. गाठीवर सुई दुखत नाही म्हणून मुले नेमकी तिथेच टोचतात! अधूनमधून जागा हाताने चाचपून पाहावी.

आणखी एक फार महत्त्वाची गोष्ट. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या बहुधा ४० युनिटच्या येतात, म्हणजे एका मिलीत ४० युनिट. पेनातले इन्सुलिन १०० युनिटचे असते. ४० च्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज, १०० च्या इन्सुलिनला नारिंगी टोपणाची. अदलाबदल झाली तर डोस अडीच पट वाढतो किंवा तितकाच घटतो. औषधाच्या दुकानात दोन्ही आकडे स्वतः वाचून पाहावेत, दुकानदारावर सोडू नये.

वयच तसे

दहा वर्षांचे मूल आई सांगेल तसे करते. तेच मूल चौदाचे झाले की ‘मला सगळं कळतं’ म्हणते. त्यात शरीरही साथ देत नाही. वयात येताना जे अंतःस्राव वाढतात ते इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतात. तेवढ्याच जेवणाला जास्त इन्सुलिन लागू लागते. मुलींची साखर पाळीच्या आधीच्या दिवसांत वर चढते. आई-वडिलांना वाटते पोर चोरून गोड खाते. पोराला वाटते, काहीही केले तरी बोलणीच खायची आहेत, मग कशाला करायचे?

आमची ही मुलगी दर महिन्याला साखरेची वही आणायची. ११०, १२५, ११८ असे छान आकडे, सगळे एकाच शाईत, एकाच हाताने, एका बैठकीत लिहिलेले. मग मी तिच्या यंत्रातले साठवलेले आकडे पाहिले. २६०, ३१०, २८५! मी चिडलो, आईसमोर तिला वाट्टेल ते बोललो. तिने खरे काय ते सांगितलेच नाही. शाळेत सुई घ्यायला आडोसा नव्हता म्हणून दुपारची सुई ती टाळत होती. माझ्या बोलण्याचा परिणाम असा झाला की त्या दिवशी तिने शाळेच्या बाथरूममध्ये घाईघाईने सुई घेतली. डबा अर्धा खाऊन होतो तोच घंटा झाली, दुपारी खो-खोचा सराव झाला आणि संध्याकाळी एसटीत ३८. म्हणजे त्या बेशुद्धीत माझाही वाटा होता.

आता मी आकड्याला चांगला-वाईट म्हणत नाही. तापाच्या आकड्यावरून आपण मुलाला रागावतो का? साखरेचा आकडाही तसाच. तो पुढे काय करायचे हे सांगतो, मुलाची लायकी सांगत नाही. घरीही ‘किती आली?’ असे दरडावून विचारण्याऐवजी ‘चल, दोघं मिळून बघू’ म्हणावे. गेल्या तीन महिन्यांतली सरासरी सांगणारी एचबीए१सी ही तपासणी दर तीन महिन्यांनी करावी. ती साधारण सात टक्क्यांच्या आसपास असावी. दोन-चार वर्षे झाली की वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा आणि लघवीतली प्रथिने तपासावीत. थायरॉइडही अधूनमधून पाहावे लागते.

भात, मोदक आणि पाऊस

‘भात बंद करा’ असे कोकणातल्या मुलाला सांगणे म्हणजे त्याला परगावी राहायला सांगणे. वाढत्या मुलाला उपाशी ठेवायचे नसते. भात, तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, डाळ, भाजी, अंडी, मासे सगळे चालते. महत्त्वाचे ते माप आणि वेळ. रोज त्याच वाटीने भात मोजावा आणि त्याप्रमाणे इन्सुलिन. गणपतीत मोदकही खाता येतो. डॉक्टरांना विचारून त्याचे इन्सुलिन ठरवावे आणि सर्वांबरोबर पंगतीत बसून खावा. बंदी घातली की मूल चोरून खाते आणि चोरून खाल्लेल्या मोदकाचे इन्सुलिन कोणी घेत नाही. उपास मात्र या मुलांकडून करवून घेऊ नयेत.

इन्सुलिन थंड जागी लागते, फ्रीजच्या दारात, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. एकदा गोठले की ते फेकून द्यावे. वापरायला काढलेली बाटली घरातल्या सावलीत साधारण चार आठवडे टिकते. फ्रीज नसेल तर मातीचा माठ उपयोगी पडतो. बाटली घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि डबा ओल्या माठात. कोरड्या उन्हाळ्यात माठ चांगला गार राहतो. पावसाळ्यात हवेत दमटपणा असल्याने तो तितका गार होत नाही, पण तेव्हा उन्हाळाही तितका नसतो.

आणि आपल्या पावसाचे काय सांगावे! २२ जुलै २०२१ ची रात्र महाड-पोलादपूरकर विसरणार नाहीत. महाड पाण्याखाली गेले, तळीयेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली, आपल्या तालुक्यातही केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर तोच घाला आला. रस्ते, वीज, फोन सगळे बंद. त्या दिवसांत एक बाप चिखल तुडवत माझ्या दारी आला. पोराच्या बाटलीत दोन दिवसांचेच इन्सुलिन उरले होते. माझ्याकडे होते म्हणून निभावले. चाळीस किलोच्या मुलाला दिवसाला सुमारे ४० युनिट लागतात, म्हणजे ४०० युनिटची बाटली जेमतेम दहा दिवस पुरते. तेव्हा जूनच्या पहिल्या आठवड्यातच दीड-दोन महिन्यांचे इन्सुलिन, सुया आणि तपासणीच्या पट्ट्या घरी भरून ठेवाव्यात. आपण तांदूळ भरतो, सरपण भरतो, तसेच हे.

सुई बंद करू नका

आजार कळल्यावर इन्सुलिन सुरू केले की काही मुलांमध्ये उरल्यासुरल्या पेशी पुन्हा थोडे काम करू लागतात. काही महिने इन्सुलिन अगदी कमी लागते. नेमके याच वेळी कोणी मुळी देतो, कोणी अंगारा देतो, कोणी ‘मुंबईला एक बाबा आहे’ म्हणतो. साखर कमी दिसते आणि श्रेय मुळीला जाते. घरचे सुई बंद करतात. मग काही दिवसांतच तो मुंबईच्या वॉर्डातला मुलगा पुन्हा दिसतो, धापा टाकणारा, श्वासाला फळाचा वास येणारा. देवाला नवस करा, माझी हरकत नाही. पण सुई घेऊन करा. ताप असो, उलट्या असोत, मूल जेवत नसो, इन्सुलिन पूर्ण बंद करायचे नाही. साखर वरचेवर तपासावी, पाणी पाजत राहावे आणि उलट्या थांबत नसतील तर तडक दवाखाना गाठावा.

शाळेने काय करावे?

केंद्रीय शिक्षण मंडळाने, म्हणजे सीबीएसईने, २०१७ मध्ये दहावी-बारावीच्या मधुमेही विद्यार्थ्यांना परीक्षेत खाऊ जवळ ठेवण्याची मुभा दिली. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये अशा मुलांना शाळेत साखर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावे, गरज लागेल तेव्हा खाऊ द्यावे, असे राज्यांच्या मंडळांना कळवले. आपल्या गुरुजनांना माझी विनंती अशी:

१. वर्गशिक्षक आणि खेळाचे शिक्षक या दोघांना मुलाचा आजार माहीत असावा.

२. सुई घ्यायला स्वच्छ जागा द्यावी. स्टाफरूमचा कोपरा पुरतो. बाथरूम ही सुई घ्यायची जागा नव्हे.

३. मूल ‘लघवीला जाऊ?’ किंवा ‘खाऊ का?’ विचारेल तेव्हा अडवू नये.

४. घाम, थरथर, चिडचिड, असंबद्ध बोलणे किंवा एकदम गप्प होणे ही साखर उतरल्याची चिन्हे. यंत्र असेल तर तपासावे. ७० च्या खाली असेल तर, आणि यंत्र नसेल तर न तपासताच, तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायला द्यावी. पंधरा मिनिटांनी बरे नसेल तर पुन्हा द्यावी. बरे वाटल्यावर चपाती किंवा बिस्किटे द्यावीत. मुलाला एकटे घरी पाठवू नये.

५. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, पाणीसुद्धा नाही. कुशीवर वळवून ठेवावे आणि लगेच दवाखान्यात न्यावे.

६. परीक्षेपूर्वी पालकांनी डॉक्टरांचा दाखला मुख्याध्यापकांकडे आधीच द्यावा, ऐनवेळी धावपळ करू नये.

७. खेळू द्यावे. पाकिस्तानचा वेगवान गोलंदाज वसीम अक्रम याला १९९७ मध्ये मधुमेह असल्याचे कळले आणि त्यानंतरही तो अनेक वर्षे खेळला. अमेरिकेचा जलतरणपटू गॅरी हॉल याला १९९९ मध्ये टाइप वन झाला आणि पुढच्याच वर्षी सिडनी ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदक मिळवले. दोघांनीही ते लपवले नाही.

लग्नाचे काय?

शेवटी प्रश्न येतो तो हाच. विशेषतः मुलीच्या आईचा. साखर नीट सांभाळली तर या मुली शिकतात, नोकरी करतात, लग्न करतात. गरोदरपणी डॉक्टरांची कडक देखरेख लागते, पण त्यांना निरोगी मुले होतात. लपवून लग्न लावले तर काय होते? नव्या घरी सुई लपवायची, फ्रीज विचारायचा नाही, साखर उतरली तरी बोलायचे नाही. चार दिवसांत एकतर ती आजारी पडते, नाहीतर बिंग फुटते आणि ‘फसवलं’ असा शिक्का बसतो. ज्या घराला सांगितल्यावर नको वाटते, ते घर न मिळालेलेच बरे. आणि एक विचारतो. मुलाला मधुमेह असला तर त्याची आई ‘कुणाला कळाय नको’ असे इतक्या कळवळून कधी म्हणाली आहे का?

गावभर दवंडी पिटा असे मी म्हणत नाही. पण जी माणसे दिवसभर मुलाच्या आसपास असतात त्यांना कळलेच पाहिजे. शिक्षक, दोन जवळचे मित्र, एसटीत सोबत असणारे कोणी, शेजारची एक काकू.

त्या प्रसंगानंतर मी मुलीच्या आईला बोलावले आणि तीन वर्षांपूर्वीचा माझाच सल्ला मागे घेतला. आई रडली. मुलगी गप्प होती. आठ दिवसांनी ती स्वतःच शाळेत यंत्र घेऊन गेली आणि मधल्या सुटीत मैत्रिणींसमोर बोट टोचून दाखवले. एकीने विचारले, “दुखतं का गं?” दुसरीला स्वतःची साखर पाहायची होती. एका मुलाने ‘शुगर, शुगर’ म्हणून चिडवले, त्याला बाकीच्या मुलींनीच गप्प केले. पुढच्या महिन्यात तिने वही आणली. आकडे मोठे होते, दोन-तीन शायांत लिहिलेले, एक-दोन ठिकाणी खाडाखोड केलेली. मी पहिल्यांदाच ती वही खरी म्हणून वाचली आणि त्याप्रमाणे इन्सुलिन बदलले.

आता तिच्या दोन मैत्रिणींच्या दप्तरातही खडीसाखरेची पुडी असते. एकीची तर म्हणे दर आठवड्याला संपते, खाऊन! मी म्हटले, संपू दे, पण नवी भरायला विसरू नको म्हणावं.